जाग्यांचं घर

जयराजला झोप येत नाही, हे कुंतीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वासंतीनं ते हसण्यावारी नेलं.

"पहाटेपासून उभं राहून विकायला डाळीच्या ढोल पुऱ्या लाटणारा माणूस तो," ती नणंदेच्या अधिकारानं म्हणाली. "तुझं लक्ष नसेल. दुपारी घोरत असणार."

"पडतो वन्सं, पण डोळा लागत नाही. नुसता घामानं भिजतो."

वासंतीनं भावाला गरम दूध द्यायला सांगितलं आणि विषय बदलला. तिच्याकडे त्या दिवशी याहून कितीतरी मोठी बातमी होती. भिवाजी सापडत आला होता.

मॉरिशसच्या पुष्कळ मराठी घरांना आडनाव म्हणून पूर्वजाचं नावच चिकटलेलं असतं. ऊसमळ्यात राबायला कोकणातून बोटी भरभरून माणसं आली. बंदरावर गोऱ्या कारकुनानं नाव विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते पुढं पोरानातवंडांचं आडनाव होऊन बसलं. वासंतीचं माहेर असंच भिवाजी झालं. ती रोझ हिलच्या शाळेत मराठी शिकवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भावाची मुलगी देवीना हीच तिची लेक. पन्नाशी ओलांडल्यावर तिला या शोधाचा नाद लागला. हा भिवा कुठला, कुणाचा, एवढा समुद्र ओलांडून का आला? तिच्याकडे त्याचा एक जुना फोटो तेवढा होता. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या मजुरांचे काढायचे तसा. मुंडासं, छातीवर नंबर, आणि पापणी न लवता समोर बघणारे डोळे.

जगभर पांगलेल्या अशा घराण्यांची मुळं शोधणाऱ्या हौशी माणसांचा एक गट होता, 'जहाजकरी' नावाचा. कुणी निवृत्त नर्स, कुणी टॅक्सीवाला, कुणी फिजीतला दुकानदार. रविवारी संगणकाच्या पडद्यावर जमायचे आणि एकमेकांच्या पणज्या-खापरपणज्या शोधून द्यायचे. पैशाचा संबंध नाही, नुसती हौस. वासंतीला तिथं दोन माणसं भेटली. एक मालवणचे दिगंबर परुळेकर. चष्म्यांचं दुकान जावयाच्या हाती देऊन हे काका स्कूटरवरून गावं पालथी घालत. दुसरी मृण्मयी. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत ती जनुकं वाचण्याची नोकरी करायची, आणि सुट्टीच्या दिवशी तेच काम हौसेनं.

काकांनी भिवाचं गाव हुडकून काढलं. मालवणपासून आत, खाडीकाठी, साळशेत. भिवा तिथं बायको, एक मुलगा आणि एक तान्ही मुलगी मागं टाकून गेला होता. मुलाच्या वंशाची दोन घरं अजून गावात होती. मॉरिशसला आल्यावर त्यानं दुसरं लग्न केलं, त्या वंशातली वासंती.

हे कळल्यावर मृण्मयी खुर्चीतून उठलीच. "ताई, मग भिवाजी परत उभा करता येईल!"

"म्हणजे काय गं?"

"त्याचा जनुकसंच. सगळा नाही, पण बराचसा." आणि तिनं समजावून सांगितलं. बापाच्या जनुकांतली निम्मी मुलाकडे जातात, त्यातली निम्मी नातवाकडे. दर पिढीला ती अशी कापली आणि वाटली जातात. सहाव्या पिढीतल्या एकेका माणसाकडे मूळपुरुषाची चिमूटभर उरतात. पण प्रत्येकाची चिमूट वेगळी असते. वंशज शेकड्यांनी मिळाले तर त्या चिमटी जोडून मूळ माणसाचा मोठा भाग पुन्हा रचता येतो. अडचण एवढीच, की कुठला तुकडा भिवाचा आणि कुठला मधल्या आयाबायांचा हे ओळखायचं कसं?

"आणि तिथंच त्याची दोन लग्नं आपल्या कामी येतात," मृण्मयी म्हणाली. "साळशेतची माणसं आणि तुम्ही, पावणेदोनशे वर्षांत तुमची एकमेकांत सोयरीक नाही. तुम्हा दोघांना जोडणारा माणूस एकच. तेव्हा एखादा तुकडा दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखा निघाला, तर तो भिवाचाच."

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे फार थोड्यांना परवडलं असतं. आता थुंकीच्या नमुन्यातून अख्खा जनुकसंच वाचायला एक दुपार पुरायची. वासंतीनं बेटावरचे भिवाजी गोळा केले. काकांनी साळशेत आणि आजूबाजूचं गणगोत गाठलं. म्हाताऱ्या बायका नळीत थुंकायला घाबरायच्या, म्हणून काका आधी स्वतः थुंकून दाखवायचे. त्यातली एक नळी गमतीनं त्यांनी हैदराबादला धाडून दिली.

जयराजनं मात्र नमुना दिला नाही. "मेलेल्या माणसाला कशाला उठवता?" म्हणाला आणि हसत पुरी उलटली.

काकांच्या नळीचा निकाल आला आणि काकांनी वासंतीला फोन लावला. "गो बाय, तू माझी निघालीस! भिवाची तान्ही पोर होती ना, ती माझ्या खापरपणजीची आई. लांब परुळ्याकडे दिली होती तिला, माहेरचं नाव लपवून. आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं!" इतरांचे पूर्वज शोधता शोधता माणूस स्वतःच त्या वंशवृक्षावर सापडला होता. वासंतीनं त्या दिवशी शाळेत पेढे वाटले.

माहेरचं नाव का लपवलं असेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही असं नाही. साळशेतच्या एका आजीनं काकांना सांगितलं होतं, की भिवाच्या घराला गावात 'जाग्यांचं घर' म्हणत आणि तिथं कुणी मुलगी देत नसे. हौशी माणसांनी त्याचा छान अर्थ लावला. गावाची राखण करणारे जागले असणार! पहारेकऱ्यांचं घराणं. वासंतीनं ती गोष्ट वर्गातल्या मुलांनाही रंगवून सांगितली.

गटाचा पहिल्यापासून एक नियम होता. जे सापडेल ते सगळ्यांना खुलं. पाडव्याला सारे वंशज पडद्यावर जमणार, आणि मृण्मयी भिवाचा जोडलेला जनुकसंच उघडणार असं ठरलं. रंगीबेरंगी पट्ट्यांचा नकाशा. कुठल्याही पट्टीवर बोट ठेवलं की ती कुणाकुणाकडून आली त्यांची नावं दिसणार.

पाडवा जवळ आला असताना शाळेच्या मधल्या सुट्टीत मृण्मयीचा फोन आला.

"ताई, तुम्ही एकट्या आहात ना?"

आवाज ऐकूनच वासंतीनं वर्गाचं दार लावून घेतलं.

"मी नकाशा अडवून ठेवलाय," मृण्मयी म्हणाली. "उघडण्याआधी मी भिवाची जनुकं रोगांच्या संग्रहाशी ताडून पाहिली. नेहमीची पद्धत म्हणून. ताई, विसाव्या गुणसूत्रावर एक चूक आहे. एका अक्षराची."

मग ती सावकाश बोलत गेली. आपल्या मेंदूत प्रायॉन नावाचं एक प्रथिन असतं. ते एका ठरावीक घडीत दुमडलेलं असतं. ही चूक असली की चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास, कधी त्याआधी किंवा नंतर, एखाद्या रेणूची घडी बिघडते. बिघडलेला रेणू शेजारच्याची घडी बिघडवतो, तो पुढच्याची. मेंदूच्या मधोमध झोप आणणारा जो भाग असतो तो पहिल्यांदा खलास होतो. माणसाची झोप कमी होत होत थांबते. झोपेचं औषध दिलं तरी ती येत नाही. घाम, ताप, भास, बारीक होत गेलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, आणि वर्ष-दीड वर्षात शेवट. मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी.

वासंती बाकावर बसली. तिचा बाप ती अकरा वर्षांची असताना गेला होता. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले होते. तिला आठवत होता तो खुर्चीत ताठ बसलेला, डोळे उघडे, हाक मारली तरी न वळणारा बाप. आजोबाही तसेच गेले म्हणत. जाग्यांचं घर. राखण कसली, ती माणसं झोपत नव्हती!

"पण हा तुकडा भिवाचा, हे तुला कळलं कशावरून?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

"दोन्हीकडे सारखा निघाला म्हणून," मृण्मयी रडत होती. "साळशेतच्या दोन घरांत मिळून तिघं. तुमच्याकडची एक बाई, फ्रान्सात मार्सेयला गेलेली. काका. आणि तुम्ही, ताई."

शाळेची घंटा झाली. मुलं दार वाजवू लागली. वासंतीला स्वतःचं नाव ऐकूही आलं नव्हतं. तिला नमुना न दिलेला माणूस दिसत होता.

ती तशीच भावाच्या घरी गेली. टळटळीत ऊन होतं. अंगणात आंब्याखाली जयराज खुर्चीवर बसला होता आणि त्याचे हात हलत होते. पोळपाट नाही, लाटणं नाही. हवेतल्या हवेत तो गोळा मळत होता, लाटत होता, पुरी तव्यावर टाकत होता. डोळे अर्धे उघडे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"जयराज!"

तो दचकून भानावर आला. "ताई? गिऱ्हाईक गेलं?" मग अंगणाकडे बघून ओशाळला. "मला काय होतंय गं? मी झोपत नाही, पण जागाही नसतो."

तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. केस घामानं चिंब होते. दारात कुंती पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि तिच्या मागं देवीना. देवीना आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आत्या, तुला काहीतरी कळलंय," ती म्हणाली.

"डॉक्टरांकडे जाऊ या," वासंती म्हणाली. एवढंच.

इस्पितळात दोन आठवडे गेले. तपासणीनं मृण्मयीचं म्हणणं खरं ठरवलं. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या रोगावर एक नवं औषध निघालं होतं. मणक्यातून सुई द्यायची. ते प्रायॉन बनणंच कमी करतं. बिघडलेलं मात्र त्यानं दुरुस्त होत नाही, म्हणून लक्षणं दिसायच्या आधी सुरू केलं तरच आशा. जयराजला उशीर झाला होता. वासंतीला घेता येईल, शेजारच्या रियुनियन बेटावर. किती उपयोग होईल हे अजून कुणीच सांगू शकत नव्हतं.

म्हणजे गप्प बसायची सोय उरली नाही. वासंतीनं मालवणला फोन लावला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी सहासष्ट वर्षांचा," ते म्हणाले. "मला झोप लागते अजून. काल लागली होती."

"लागणारच, काका. उशिरानं होतं कुणाकुणाला. म्हणून तर औषध—"

"माझ्या मुलीला दोन पोरं आहेत. हे पुसून टाक. मृण्मयीला सांग, सगळं पुसून टाक! पाडव्याला काहीतरी थाप मार. साळशेतात हे कळलं तर त्या दोन घरांचं काय होईल, तुला ठाऊक नाही. तू तिथं बेटावर. मला इथं राहायचंय."

"आणि त्या घरांतली पोरं? त्यांना औषध मिळू शकतं, काका."

"तू मला का शोधलंस?" ते म्हणाले. "मी बरा होतो गो."

त्यांनी फोन ठेवला. नंतर तिचे फोन घेतलेच नाहीत.

देवीनानं मात्र तिला सोडलं नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिनं आत्याचा हात धरून बाकावर बसवलं. "बाबांना काय झालंय ते मी वाचलंय. ते वंशातून येतं. तुला कधी कळलं?"

वासंतीनं सांगितलं.

"म्हणजे बाबांना इथं आणायच्या आधी. आणि तू इतके दिवस माझ्यासमोर बसून जेवत होतीस?"

"तुला घाबरवायचं नव्हतं."

"मी घाबरलेलीच आहे, आत्या! तू बोलत नाहीस तेव्हा जास्त." तिनं आत्याचा हात सोडला नाही. "माझ्यापासून पुन्हा काही लपवायचं नाही. वाईटातलं वाईट असलं तरी. कबूल?"

"कबूल," वासंती म्हणाली.

पाडव्याला पडदाभर चेहरे जमले. कुणी गुढीसमोर बसलेलं, कुणी नवी साडी नेसून, लहान पोरं मांडीवर. भिवाजी कधी दिसणार म्हणून गलका चालला होता. काकांची चौकट काळी होती.

"नकाशा आम्ही उघडणार नाही," ती म्हणाली. "नियम मोडतेय. पण त्यात काय आहे ते सांगते." आणि तिनं सांगितलं. रोग, औषध, सगळं. नाव एकच घेतलं, स्वतःचं. ज्याला आपलं जाणून घ्यायचं असेल त्यानं मृण्मयीला एकट्यानं विचारावं. ज्याला नको असेल त्याला कुणी सांगणार नाही.

एकदम सगळे बोलू लागले. एका बाईनं मांडीवरचं मूल छातीशी आवळलं. कुणी वासंतीला शिव्या दिल्या. कुणी विचारलं, हे विमा कंपनीला कळेल का, मुलीच्या सासरी कळेल का? साळशेतच्या चौकटीत एक मध्यमवयीन माणूस नुसता बघत बसला होता. "माझा आजा," तो शेवटी म्हणाला, "रात्रभर विहिरीभोवती फिरायचा. आम्ही त्याला बांधून ठेवायचो." मग त्याची चौकट बंद झाली.

काका म्हणाले होते तसंच झालं. महिनाभरात साळशेतला बातमी फुटली. त्या दोन घरांत कुणी पाणी पिईना. हा रोग स्पर्शानं होत नाही, हे सांगूनही पटेना. किराणा दुकानदार सामान उंबऱ्याबाहेर ठेवायचा. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मृण्मयीला औषधासाठी विचारणारं गावातून कुणीही पुढं आलं नाही. पुढं येणं म्हणजे कबूल करणं होतं. वासंतीला वाटायचं, आपण कुणाला वाचवलं नाही, नुसतं उघडं पाडलं.

पावसाळ्यात जयराज गेला. शेवटी शेवटी तो कुणालाच ओळखत नव्हता, पण हात चालूच होते. कुंती त्याच्या हातात कणकेचा गोळा द्यायची, म्हणजे ते जरा शांत व्हायचे.

तेराव्याच्या दिवशी काकांचा फोन आला. इतक्या महिन्यांनी.

"बाय, मी आता साळशेतातून बोलतोय," ते म्हणाले. "त्या घरी जेवलो. ओटीवर बसून, सगळ्या वाडीला दिसेल असा. चष्मे लावून दिलेत मी या गावाला, ओळखतात मला. लोक जमले, तेव्हा सांगितलं. माझ्यात आहे म्हटलं. माझ्या मुलीनंही तपासून घेतलंय. तिच्यात नाही. पण माझ्यात आहे, आणि मी सुई घ्यायला जातोय. जावयाची मोटार आणलीय, ज्याला यायचं त्यानं तीत बसावं."

"कुणी बसलं?"

"दोघं. मघाशी तिसरा आला." ते खोकले. "मला भीती वाटते गो. रोज उशीवर डोकं टेकलं की वाटते. पण त्या घरातली पोर माझ्याकडे बघत होती ना, तेव्हा ती आमच्या घरची दिसत होती."

देवीनाचा निकालही तोवर आला होता. तिच्यात होतं. ती आणि वासंती दर तीन महिन्यांनी रियुनियनला जाऊ लागल्या. सुई घेतल्यावर तासभर उताणं पडून राहायचं. शेजारशेजारच्या पलंगांवर दोघी छताकडे बघत पडायच्या. डॉक्टर म्हणायचे, रक्तातलं मोजमाप चांगलं आहे. पण खरं काय ते पुढची वर्षंच सांगतील. देवीना आता आत्याकडेच राहायला आली होती.

मग दर रविवारी दुपारी काकांचा फोन यायचा. भिवाजीबद्दल कुणीच बोलायचं नाही. जेवलीस का, पाऊस आहे का, आणि शेवटी ज्यासाठी फोन केलेला असायचा तो प्रश्न. एका रविवारी देवीना टेबलाशी शेंगा सोलत होती तेव्हा तो आला.

"आज दुपारी चांगला दोन तास झोपलो," काका उत्साहात सांगत होते. "लेकीनं उठवलं नाही. उठलो तर सगळं घर कुजबुजत होतं, पोरांनासुद्धा दटावून ठेवलेलं. साळशेतचे तिघंही झोपतात बरं. आणि तू? तुझी झोप?"

वासंतीनं खिडकीबाहेर बघितलं. लखलखीत ऊन होतं आणि तिचे डोळे चुरचुरत होते. काळजीनंही झोप उडते, असं डॉक्टर म्हणाले होते. खोलीतल्या उकाड्यानंही उडते. सकाळी ती आरशात स्वतःच्या बाहुल्या बघत कितीतरी वेळ उभी होती, आणि तिला काहीच ठरवता आलं नव्हतं.

"झोपते ना, काका," ती म्हणाली. "अगदी गाढ."

काका समाधानानं हसले. फोन बंद झाला. देवीनाच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. तिनं खुर्ची सरकवली, आत्याजवळ आली आणि तिचा चेहरा उजेडाकडे वळवून डोळ्यांत पाहू लागली.

"किती रात्री झाल्या?" तिनं विचारलं.

वासंतीनं तिचा हात घट्ट धरला.

"तीन," ती म्हणाली.